खिंडीतलं फाटक

विक्रम : तडजोडीचं बोलायला आला असाल, तर तीच लिफ्ट खालीही जाते, बाई.

सोजरबाई : तडजोड कसली? मला ताईला बगायचंय. दोन मिंटं.

विक्रम : तुमच्या मुलानं लोखंडी पाइपनं माझ्या बहिणीचं डोकं फोडलं. चौदा टाके. खांद्याचं हाड मोडलं. दहा दिवस झाले, तिला अजून कुशीवर वळता येत नाही. त्यात बघण्यासारखं काय आहे?

ऋतुजा : दादा, कोण आलंय?

विक्रम : कोणी नाही. तू पडून राहा.

ऋतुजा : सोजरमावशींचा आवाज आहे तो. आत येऊ दे त्यांना.

विक्रम : घर तुझं, डोकं तुझं. या. चपला बाहेरच राहू द्या.

सोजरबाई : (खोलीच्या दारात थबकून) अगं बया... केस काढले गं तुजे.

ऋतुजा : वाढतील. बसा, मावशी. नाही, खाली नाही, खुर्चीवर. दादा, आमची प्रत्येक सायकल टूर यांच्याकडे जेवायची. पानशेतच्या पुढं धरणाच्या काठाकाठानं जायचं, मग खिंडीचा चढ. वर पोचलं की पहिलं घर यांचं. सहा वर्षं. मी आणि सौरभनं तो रस्ता पहिल्यांदा सायकलवर पालथा घातला, तेव्हा प्यायला पाणी यांनीच दिलं होतं.

विक्रम : आणि त्याच घरातून पाइप आला.

सोजरबाई : पायप घरातला न्हाय. प्लाटवाल्यांनी दिला. रस्त्यावरचं फाटक बी त्यांचंच. धरण झालं तवा गाव वर सरकलं, तवा ह्यो रस्ता माज्या सासऱ्यानं अन् गावानं खांदला. पन आता तितं बंगलं व्हनार, म्हनून सायकलीवाली नगंत, गुरं नगंत. माज्या बजरंगला टोपी दिली, शिट्टी दिली, चार मानसं हाताखाली दिली. पोरगा तेवढ्यावर फुगला.

विक्रम : फुगला, आणि सौरभचे दोन्ही गुडघे फोडले. उजव्याची वाटी चुरा झालीय. सकाळी डॉक्टरांनी सांगितलं त्याला, तो पाय आता वाकणार नाही. मी समोर होतो. तो भिंतीकडे तोंड करून पडला.

ऋतुजा : मला का नाही सांगितलंस?

विक्रम : आता सांगितलं. शिवाय वर बक्षीस म्हणून उलटी तक्रार आलीय. सौरभनं म्हणे आधी सुरा काढला आणि यांच्या चिरंजीवांची दोन बोटं तोडली. सौरभ! मुंगी दिसली तर सायकल बाजूनं घेणारा माणूस.

सोजरबाई : त्याच्यासाटीच आले म्या. बोटं त्यानं न्हाय तोडली. म्या तोडली.

ऋतुजा : काय?

सोजरबाई : विळ्यानं.

ऋतुजा : मावशी, मला पहिल्या फटक्याच्या पुढचं काहीच आठवत नाही. तुम्ही कुठं होतात?

सोजरबाई : वर बांदावर गवत कापत व्हते. वरडा ऐकला. बगते तर तू डांबरावर पडलेली, डोस्क्याखाली रगात. तुजा सोबती तुज्यावर आडवा झालेला. हेल्मेट बी न्हवतं डोस्क्यावर, त्यानं ते तुज्या तोंडावर धरलं व्हतं. पाठीवर दोन घेतलं त्यानं. मंग दोगांनी त्याला पायाला धरून वडला. बजरंगनं गुडघ्यावर पायप घातला. मोडल्याचा आवाज मला बांदावर आला, ताई. वाळकं लाकूड मोडल्यावानी.

विक्रम : पुरे. तिला हे ऐकवायची गरज नाही.

ऋतुजा : मला ऐकायचंय. सांगा.

सोजरबाई : पळत खाली आले. म्हनलं, बजरंग, सोड त्याला. त्यानं माज्याकडं बगितलं. नीट बगितलं. अन् बगून दुसऱ्या गुडघ्यावर घातला. तुजा सोबती पानी पानी करत व्हता. मंग बजरंगनं पायप डोस्क्यापातूर उचलला. ह्या बारीला त्याची नजर पायाकडं न्हवती, त्या पोराच्या कपाळाकडं व्हती. तवा म्या विळा मारला.

विक्रम : हातावर.

सोजरबाई : मान बी जवळच व्हती. म्या हात निवडला.

विक्रम : पाणी घ्या. घ्या, बाई.

ऋतुजा : तो काय म्हणाला?

सोजरबाई : आये म्हनला. येकदाच. पायप खाली पडला, बोटं पडली. बाकीचे पळाले. तुमच्या त्या पोराला अन् तुला दूधवाल्याच्या टेंपोत घातलं म्या, अन् लेकाला बी त्याच टेंपोत. तिगं शेजारी शेजारी. बोटं पदरात बांदली व्हती. डाक्टर म्हनले, उशीर झाला.

ऋतुजा : तिघं एकाच टेंपोत?

सोजरबाई : दुसरा कुटला आनू? वाटंत बजरंगनं तुज्या सोबत्याचं डोस्कं धरलं व्हतं, हादरं बसत व्हतं म्हनून. दुसऱ्या हातानं. त्याचं त्यालाच कळलं नसंल.

विक्रम : आणि मग पोलिसांना सांगितलं, सायकलवाल्यानं बोटं तोडली.

सोजरबाई : माज्याकडं बगत सांगितलं. आयला वाचवतोय, असं वाटतंय त्याला. प्लाटवाल्यांच्या वकिलाला बी तेच पायजे हाय. घरात मला म्हनतो, तू गप ऱ्हा, तू तितं न्हवतीस. आठ दिस गप ऱ्हायले. जेवन जाईना. त्या पोराचा गुडघा ऐकू यायचा.

विक्रम : तुम्हाला कल्पना आहे ना? हे लिहून दिलंत तर गुन्हा तुमच्यावर. आणि मुलावरचा आणखी घट्ट. दोघंही येरवड्याच्या तुरुंगात जाल.

सोजरबाई : कापलं तर हायच की म्या.

विक्रम : तो तुम्हाला पुन्हा आई म्हणणार नाही.

सोजरबाई : न्हाय म्हननार.

ऋतुजा : दादा, थांब जरा. मलाही सांगायचंय. मी जबाबात खोटं सांगितलंय.

विक्रम : ऋतुजा, तुझ्या डोक्याला मार लागलाय. आत्ता नको.

ऋतुजा : मार नंतर लागला. त्याच्या आधीचं लख्ख आठवतंय. मी सांगितलं ना, हात जोडून विनंती केली? नव्हती केली. सौरभ म्हणत होता, मागं फिरू, दुसरा रस्ता आहे. मागं, चढाच्या पायथ्याशी, बारा जणांचा ग्रुप येत होता. मला त्यांना दाखवायचं होतं, की आमचा रस्ता कोणी अडवू शकत नाही. मी दगड घेऊन कुलूप फोडलं. बजरंग आडवा आला. नुसता आडवा, दादा, पाइप तेव्हा भिंतीला टेकलेला होता. मी त्याच्या कानाखाली मारली. त्याच्या माणसांसमोर.

विक्रम : म्हणून काय त्यानं—

ऋतुजा : आणि म्हणाले, आमची उष्टी ताटं उचलायचास, आता आम्हाला अडवतोस?

सोजरबाई : ऐकलं व्हतं म्या. खिंडीत आवाज घुमतो.

ऋतुजा : ऐकलं होतंत? आणि तरी आलात?

सोजरबाई : लागलं गं. न्हाय कसं? ताटं म्या बी उचलली तुमची. पन बोलल्यानं गुडघं फुटत न्हाईत, ताई. ते त्यानं फोडलं. तुजं तुज्यापाशी, त्याचं त्याच्यापाशी.

विक्रम : हे बघा, दोघीही ऐका. मावशींचा जबाब पुरेसा आहे. सौरभ सुटेल. तू थप्पडीचा आणि कुलपाचा विषय काढलास, तर तो वकील तेवढंच धरून बसेल. गप्प राहा. मी भाऊ म्हणून सांगतोय.

ऋतुजा : सौरभ माझ्या अंगावर आडवा झाला, ते मला आज कळलं. दहा दिवस मी त्याला फोन करायला घाबरतेय, कारण त्याला माहितीय मी काय बोलले ते. त्यानंही पोलिसांना सांगितलेलं नाही. सगळे मला वाचवतायत, दादा. ह्यांनी विळा सांगायचा आणि मी थप्पड झाकायची?

विक्रम : तुझा परवाना जाईल. टूर बंद होतील. लोक काय काय लिहितील, ठाऊक आहे?

ऋतुजा : लिहू देत.

विक्रम : गाडी काढतो, पोलीस ठाण्यात जाऊ. रस्ता खराब आहे, सावकाश घेईन. मावशी, तुम्ही जेवलात का?

सोजरबाई : नगं. गिळवनार न्हाय.

ऋतुजा : दादा, आधी हात दे. तो नाही, माझा डावा धर.

विक्रम : उठवेल का तुला? चक्कर आली तर सांग.

ऋतुजा : उठतेय. मावशी, जरा थांबा हं, मला वेळ लागतो.

सोजरबाई : हळू उट, बाय. मला काय घाई न्हाय.