जाळीवरची शाल

नवरा : पहाटे सहाला दिवा लावला तेव्हा ती उभी होती. सव्वासहाला पडली.

बायको : कोणती?

नवरा : दाराशी बसायची ती कोंबडी. रात्रभर मान पिळून वर बघत होती. म्हटलं, हिला दिसतंय तरी काय? मीही बघितलं. आधी पत्रा दिसला. मग पत्राही गेला. वर नुसतं पांढरं, आणि आम्ही सगळे तळाशी.

बायको : झोपलात का जरा तरी?

नवरा : डोळा लागला होता. स्वप्नात शेड पाण्यावर तरंगत होती. कोंबड्या एका बाजूला सरकल्या की कलायची.

बायको : आणि तुम्ही नावाडी! पुढे येऊ नका हं. तिथेच थांबा. ही बघा, डॉक्टरांची गाडी आली.

(मोठ्या कोंबड्यांची शेड आणि पिल्लांची शेड यांच्यामध्ये तारेची जाळी. पलीकडे नवरा, अलीकडे बायको. दाट धुकं.)

डॉक्टर : वहिनी, मी फाटकाबाहेरूनच बोलते. काल दुसऱ्या एका आजारी शेडवर जाऊन आलेय. बूट, कपडे, सगळं बदललंय, तरी आत येत नाही.

नवरा : तुमचा आवाज येतोय डॉक्टर, तुम्ही दिसत नाही.

डॉक्टर : न दिसलेलंच बरं. मेलेल्या पुरल्या?

नवरा : पुरल्या. कमरेएवढा खड्डा, खाली चुना, वर चुना. हातात फार हलक्या लागल्या हो. उशी भरतोय असं वाटत होतं.

डॉक्टर : विष्ठा?

नवरा : हिरवी, पातळ. अंडी मऊ. उचललं की बोट रुततं.

डॉक्टर : लक्षणं मानमोडीची आहेत. पण बर्ड फ्लूही असाच दिसू शकतो, म्हणून नमुने तपासायला पाठवलेत. तो निघाला तर दोन्ही शेड रिकाम्या कराव्या लागतील. निकाल येईपर्यंत अंडं, खत, ट्रे, काही फाटकाबाहेर जायचं नाही.

बायको : माझी पिल्लंसुद्धा?

डॉक्टर : तो निघाला तर. मानमोडी असेल तर पिल्लं वाचवता येतील. झालेल्याला औषध नाही, न झालेल्याला लस आहे. पिल्लांचा दुसरा डोस आणलाय. बर्फाच्या डब्यात आहे, दुपारपर्यंत टिकेल.

बायको : मग द्या की इकडे. पिल्लांचं पाणी पहाटेच काढून घेतलंय, तहानेने घटाघट पितील. नवं पाणी साधं ठेवलंय, ब्लीचिंग नाही, नाहीतर लस मरते. लस पाण्यात टिकावी म्हणून दुधाची पावडरही काढून ठेवलीय.

डॉक्टर : त्याआधी एक विचारते. तिकडून इकडे काय काय आलं?

बायको : काही नाही. ह्यांचे बूट वेगळे, माझे वेगळे. दारातल्या औषधाच्या पाण्यात पाय बुडवल्याशिवाय मी माझ्या सावलीलासुद्धा पिल्लांत नेत नाही. जेवण कागदात बांधून देते, कागद हे तिकडेच जाळतात. आठवडा झाला, घरी आले नाहीत. शेजारीण विचारते, फारच कडाक्याचं भांडण झालं का?

डॉक्टर : चिमण्या? उंदीर?

बायको : जाळी बारीक आहे. उंदराला तर मीच पुरते.

नवरा : शाल.

बायको : काय?

नवरा : तुझी शाल गं. मी कुडकुडत होतो म्हणून परवा जाळीवर टाकलीस. मी पांघरून झोपलो. सकाळी पुन्हा जाळीवर ठेवली.

बायको : ती मी धुतली.

डॉक्टर : उचलल्या उचलल्या?

बायको : संध्याकाळी.

डॉक्टर : तोवर कुठे होती?

बायको : अंगावर.

डॉक्टर : पिल्लांत?

बायको : मी आणखी कुठे असणार, डॉक्टर? ह्यांचा वास होता तिला.

नवरा : कोंबड्यांचा वास गं.

बायको : आता तुमच्यात आणि त्यांच्यात काही फरक राहिलाय का?

डॉक्टर : कालची सकाळ. म्हणजे रोग आत गेला असला तरी आज दिसणार नाही. पाच-सहा दिवस तो गप्प बसून असतो.

नवरा : मी विचारच केला नाही. अर्धवट झोपेत वाटलं, घरीच आहे.

बायको : गप्प बसा हो. मला रडू येईल, आणि डोळे पुसायला हात स्वच्छ नाहीत. डॉक्टर, लस द्यायची की नाही?

डॉक्टर : पिल्लं धडधाकट असतील तर आजच. आजारी असतील तर लसच त्यांना जड जाईल. कपडे बदला, पाय बुडवा, आत जा. दिवा लावू नका. अंधारात पिल्लं शांत बसतात. नुसतं ऐका. शिंक, घरघर, धाप.

नवरा : मीही ऐकतो.

डॉक्टर : इथून?

नवरा : धुक्यात सगळं जवळ येतं. मघाशी तुमच्या डब्यातला बर्फ सरकला, तोही ऐकला.

डॉक्टर : तुम्ही आज दिवसा झोपा.

नवरा : ती आत गेली. दाराची कडी. आता पिल्लं थांबली. सगळी एकदम. डॉक्टर, पाऊस थांबल्यावर असतं ना, तसं.

डॉक्टर : मला काही ऐकू येत नाही.

नवरा : मलाही नाही. किती छान.

बायको : डॉक्टर, आहात का?

डॉक्टर : आहे.

बायको : घरघर नाही. धाप नाही. शिंक एक. कोपऱ्यातून आली. एक पिल्लू तिथे एकटंच बसलंय. धुळीनेही शिंकतात ना?

डॉक्टर : शिंकतात.

नवरा : तुमचा फोन वाजतोय.

डॉक्टर : थांबा. हं. हं, बरं. नमुने प्रयोगशाळेत पोचलेत, वहिनी. तपासणी अजून सुरू झालेली नाही.

बायको : मग मी काय करू?

डॉक्टर : ते कोपऱ्यातलं वेगळं काढा. त्याला साधं पाणी. हात धुवा, मग बाकीच्यांना लस द्या. धोका आहे, पण थांबण्यात जास्त आहे. डबा फाटकाच्या आत ठेवतेय. मी मागे सरले की उचला.

नवरा : उचललास? … मिसळलीस?

बायको : मिसळली. भांडी ठेवली. जरा दम धरा ना.

नवरा : पितायत?

बायको : तुटून पडलीत. एकमेकांच्या पाठीवर चढतायत मेली.

नवरा : आणि ते?

बायको : त्याच्यापुढेही साध्या पाण्याचं भांडं ठेवलंय. त्याने अजून चोच बुडवलेली नाही.