मोहनरावांची हर्मीस

आजचे अध्यक्ष आदरणीय कमलाकरराव, व्यासपीठावरील पाहुण्या सुमनताई, सत्कारमूर्ती मोहनराव देवस्थळी, आणि पार्किंग शोधूनही वेळेवर पोहोचलेल्या वॉटफर्डकर बंधुभगिनींनो,

पोर्ट्समथच्या एका छोट्या आरमारी संग्रहालयात मोहनराव बारा वर्षं दर शनिवारी लोकांना माहिती सांगायला जात होते, तेही हौसेनं. आता गुडघे नको म्हणतात. माहिती कसली? बहुतेक ‘हर्मीस’ची. हर्मीस म्हणजे ग्रीक पुराणातला देवांचा निरोप्या. ब्रिटिश आरमारानं हे नाव एकामागून एक जहाजांना दिलं. त्यातलं एक १९१४ साली पाणबुडीनं बुडवलं, पुढचं १९४२ साली श्रीलंकेजवळ विमानांनी. तरी त्यानंतरच्या जहाजाला पुन्हा तेच नाव. ते भारतानं घेतलं आणि त्याचं ‘विराट’ झालं. आपण सर्वांनी हे निदान चारदा ऐकलेलं आहे.

आता जरा विषयांतर. तीन वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये मोहनरावांच्या नातीचं बारसं होतं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. पण आत्या होती कुठे? मोहनरावांची मालविका नवव्या वर्षीच गेली. म्हणून त्यांच्या मुलानं, अपूर्वनं, लेकीला बहिणीचंच नाव ठेवलं. शेजारच्या वीणाताईंनी ते कानात सांगितलं मात्र, मोहनराव न जेवताच निघाले. ‘अल्पायुषी नाव पुन्हा ठेवत नाहीत,’ एवढंच बोलले. तेव्हापासून ते नातीला नुसतं ‘बाळ’ म्हणतात. बाळ आता नर्सरीत जाते. अपूर्वचं येणंजाणं कमी झालं. मला याचं फार वाईट वाटायचं, पण सांगणार कोण?

गेल्या महिन्यात मी त्यांच्याबरोबर पोर्ट्समथला गेलो आणि मुद्दामच विचारलं, ‘मोहनराव, बुडालेल्या जहाजाचं नाव परत ठेवायला यांना भीती नाही वाटत?’

‘भीती कसली? आधीच्या जहाजांनी लढून मिळवलेला मान नव्याला मिळतो. नावच टाकलं तर तो मान...’

वाक्य अर्धवट सोडून ते पुढच्या दालनात गेले.

सत्कार कुणाच्या हस्ते, हे सत्कारमूर्तीनं ठरवायची आपल्याकडे रीत नाही. यांनी मात्र परवा चिठ्ठी पाठवली. मी खात्री करायला फोन केला, तर म्हणाले, ‘बरोबर लिहिलंय. तुम्ही मोठ्यानं वाचा. माझ्याच्यानं व्हायचं नाही.’

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. घरातलं चारचौघांत बोललो, ते मोहनरावांनी पोटात घालावं.

आता चिठ्ठीत लिहिलंय तसंच वाचतो: पुष्पगुच्छ देण्यासाठी कुमारी मालविका अपूर्व देवस्थळी हिनं व्यासपीठावर यावं.