कॅसेटवाल्यांचा संघ

हसू नका, पण कर्जत-खालापूरच्या कॅसेटवाल्यांचा संघ मी काढला होता. दहिवलीच्या राघोकाकांची भातकापणीची गाणी मी हौसेनं टेप केली, आणि बघता बघता बाजारात माझ्या कॅसेटपेक्षा तिच्या नकलाच जास्त खपायला लागल्या. दुकान बंद करायची वेळ आली. बाकीच्या दुकानदारांचंही तेच रडगाणं. शेवटी एका दुपारी सगळे माझ्याकडे जमलो, राघोकाकाही आले, आणि खोपोलीच्या अण्णांना अध्यक्ष केलं.

मोहोपाड्याचे सुरेशराव रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांनी एक यंत्र बनवलं होतं. त्यावर भरलेली कॅसेट नीट वाजायची, पण तिची नक्कल केली की आवाज बिघडायचा.

"अशी नक्कल फुकट दिली तरी कोण घेणार नाही!" अण्णा म्हणाले.

सुरेशरावांनी त्या यंत्रावर भरलेल्या राघोकाकांच्या गाण्याची नक्कल लावली. आवाज लांबून, हेलकावे खात आला. मध्येच विरायचा, पुन्हा यायचा. काकांनी डोळे मिटले. मला वाटलं, म्हाताऱ्याच्या मनाला लागलं.

"बंद करू का, काका?"

"नको रं. माझा बा नदीपल्याडच्या शेतात गायचा, तवा वाऱ्यावर असाच आवाज यायचा. आमी पोरं बांधावर बसून ऐकायचो."

दुकानात बसल्या बसल्या आम्ही सगळे त्या बांधावर जाऊन पोचलो होतो. गाणं संपलं.

अण्णांनी घसा खाकरला. "सुरेशराव," ते हळूच म्हणाले, "मला याची एक नक्कल काढून द्या."