शहरीवरमध्ये झोपलात कुठे?

सभाध्यक्ष हाज आगा मुख्तारी, जिल्हा आरोग्य कार्यालयातून वाट वाकडी करून आलेले डॉक्टरसाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, पहिल्या रांगेतल्या माझ्या मातोश्री, शूरचाहच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही मोहल्ल्यांतील बंधुभगिनींनो, आणि ज्यांना आज खुर्चीत स्वस्थ बसवून ठेवणं हेच संयोजकांना सगळ्यात अवघड गेलं त्या तूबा खानम, सर्वांना सलाम.

एकतीस वर्षं तूबा खानमनी आपलं आरोग्यघर चालवलं, आज त्या निवृत्त होताहेत. लसी, बाळंतपणं, रक्तदाब, सगळं डॉक्टरसाहेबांनी सांगितलं. मी फक्त सालकबद्दल बोलणार आहे. तरुण मंडळींना सालक म्हणजे काकूच्या गालावरचा जुना डाग, एवढंच माहीत आहे. यासारखी आनंदाची गोष्ट कोणती? आमच्या वेळी तो फोड आला की वर्षभर मुक्काम ठोकायचा आणि जाताना डाग ठेवून जायचा.

आरोग्यघराच्या भिंतीवर गावाचा नकाशा होता. रुग्ण आला की त्याच्या घरावर लाल टाचणी. सगळ्या टाचण्या वरच्या मोहल्ल्यात, आणि सगळ्या थंडीच्या तोंडावरच्या आबान महिन्यातल्या. म्हणून फवारणीची गाडीही आबानातच यायची, वरच्या मोहल्ल्यातच. पुढच्या आबानात टाचण्या पुन्हा तिथेच! आम्ही खालचे बागायतदार म्हणायचो, "त्यांच्या रक्तातच आहे ते." लाज वाटते, पण म्हणायचो.

त्या वर्षी आबानाच्या आदल्या, मेहेर महिन्यात मी आईला वरच्या मोहल्ल्यात मागणी घालायला नेलं. माहरुखने चहा आणला. आईने तिच्या गालावरचा डाग पाहिला आणि पेला तसाच खाली ठेवला. घरी आल्यावर म्हणाली, "नेमत, माझ्या नातवंडांच्या तोंडावर तो डाग? मी जिवंत असेपर्यंत नाही." मातोश्री आत्ताही म्हणताहेत, "म्हटलं होतंच मी!" ऐकलंत ना?

महिनाभरात माझ्याच मनगटावर सालक उठला. खालच्या मोहल्ल्यातला पहिला.

तूबा खानमनी त्या वर्षी प्रश्न बदलला होता. 'घर कुठे?' हे तर त्या विचारायच्याच, पण पुढे, "शहरीवरमध्ये झोपलात कुठे?" फोड उठायला दोनेक महिने लागतात, म्हणजे आबानातल्या फोडाचं मूळ शहरीवर महिन्यात, पिस्त्याच्या तोडणीच्या दिवसांत, हे त्यांनी हेरलं होतं. आणि वरच्या मोहल्ल्यातला जो तो सांगे, नेमतच्या बापाच्या पिस्त्याच्या बागेत. तोडणीला ही कुटुंबं तिथेच राहुट्या टाकायची. आम्ही मालक मात्र संध्याकाळी घरी परतायचो.

मलाही तोच प्रश्न आला. शेजारी आई बसलेली. तेव्हा घरी सांगितलं होतं तेच मी सांगून टाकलं, "झरी मावशीच्या गच्चीवर."

झालं! बागेत न झोपलेल्यालाही सालक झाला, म्हणजे सगळा हिशेबच कोसळला. तूबा खानमनी तीन दिवस उंदरांची बिळं शोधत मावशीचं घर धुंडाळलं, पिठाचा डबासुद्धा उपडा केला. मावशी कडाडली, "उंदीर? माझ्या घरात? अगं, नवरासुद्धा पाय पुसल्याशिवाय आत येत नाही! आणि नेमत इथे झोपलाच कधी?"

मग तूबा खानम नकाशा काखेत मारून आमच्या घरी आल्या. म्हणाल्या, "नेमत, तुझी टाचणी खऱ्या जागी लागली तर कारण बागेत आहे हे ठरेल. नाहीतर हे लोक आणखी तीस वर्षं त्या पोरींच्या रक्तालाच नावं ठेवतील. बोल आता."

आई समोर. काय करणार? बोललो. "बागेत. पूर्वेच्या भिंतीपाशी. तेरा रात्री."

"कशाला?" आईने विचारलं.

"राखणीला."

"पिस्त्यांच्या?"

सासरेबुवा सभागृहात आहेत, म्हणून नमूद करतो, पुरुषांची राहुटी वेगळी होती.

आई माझ्या मनगटाकडे बघत राहिली. "पण आपल्या घराण्यात तर हे कुणालाच नव्हतं."

"ते रक्तात नसतंच, गौहर खानम," तूबा खानम म्हणाल्या. "भिंतीपलीकडे उंदरांची बिळं आहेत. त्यांतून वाळूमाशी निघते. जो तिथे झोपेल, त्याला ती चावेल. ती मोहल्ला विचारत नाही."

पुढच्या उन्हाळ्याआधी बिळं खणून काढली, राहुट्या गावाच्या बाजूला आणल्या, प्रत्येक राहुटीला बारीक जाळीची मच्छरदाणी दिली. त्या आबानात तूबा खानमना एकही टाचणी लावावी लागली नाही.

पण आई तोवर कुठली थांबते! तिसऱ्याच दिवशी ती वरच्या मोहल्ल्यात पुन्हा गेली. या वेळी चहा संपवला, आणखी एक मागून घेतला, आणि माहरुखच्या वडिलांना म्हणाली, "डाग आमच्याच बागेने दिलाय. म्हणजे पोर अर्धी आमची झालेलीच आहे. उरलेली अर्धी आता तुम्ही द्या."

तूबा खानम, आपले हात कधी दुखू नयेत. झरी मावशी, त्या पिठाबद्दल आज सगळ्या गावासमोर माफी मागतो. इतका वेळ ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. मात्र या वेळी खोटं काही बोललेलो नाही, एवढं मान्य करा.