हिरव्या दिव्याची वीज

वीज कार्यालयाच्या रांगेत रितेश पाण्याची बाटली घेऊन परतला, तेव्हा त्याची आई पुढच्या बाईशी बोलण्यात रंगली होती. तो मागेच थबकला.

"एवढं बिल कसं ओ वैनी? मीटर बिघडला असेल," ती बाई आईच्या हातातलं बिल बघत म्हणाली.

"तोच तपासून घ्यायला आलोय. फ्रीज तर मी कधीचा बंद केलाय."

"अगो बाय! मग मासळी?"

"त्या दिवसापुरतीच घेते. फ्रीजात आता आमसुलं नि पोहे ठेवते. मुंग्या लागत नायत."

"नि पंखा?"

"तो पोराच्या कॉम्प्युटरला लावते. बिचारा लय तापतो."

"दिवसभर चालू असतो?"

"रात्रीपण. पोराचे मुंबईतले दोस्त तिथनंच, नेटवरनं, त्याच्यातले सिनेमे बघतात."

"मग तोच वीज खात असेल!"

"छे ओ! त्याला साधा पडदासुद्धा नाय. एक हिरवा दिवा तेवढा लुकलुकतो. मी विचारलं ना रितेशला. म्हणाला, आये, तेवढ्या दिव्याचीच वीज जाते."

रितेश मागल्या मागे सरकणार, तेवढ्यात आई वळली.

"हा बघा आला! रितेश, या मावशींना नीट समजावून सांग बाबा, मला सांगितलंस तसं."