दहा लाख एक

मंडळी, मला सांगा, मोठ्या माणसाचा मान राखायचा म्हणून डोळ्यांदेखत खोटं चालू द्यावं का? "नाही" म्हणताय? वा! ऐका तर मग!

कृष्णाकाठी धुंडिराजशास्त्री नावाचे गणिती होते. विद्या दांडगी — आणि राग? विद्येहून दांडगा! पाठशाळा बांधली, दारावरच्या दगडात एक संख्या कोरायची ठरवली. शास्त्री भरसभेत गरजले, "दहा लाख एक! एक, मध्ये पाच शून्यं, पुन्हा एक! दोननं भागा, तीननं भागा, सात, अकरा, तेरा — बाकी उरतेच! ही संख्या अविभाज्य! हिला भागणारा आकडा जन्मला नाही!"

झाला टाळ्यांचा कडकडाट! तेवढ्यात त्यांची भाची अंबू उभी राहिली. आईबापाविना वाढलेली पोर, मामानंच शिकवलेली.

"मामा, एकशे एकनं भाग जातो."

शास्त्रींच्या कपाळाची शीर ताडताड उडायला लागली. "बस खाली!"

"करून तरी बघा, मामा."

"माझ्याच पाठशाळेत मला शिकवतेस? चालती हो! पुन्हा या दारात पाऊल टाकायचं नाही!"

गेली पोर, नदीपलीकडे मावशीकडे. आणि सभेतले शहाणे? एकानं तरी तोंड उघडलं? छे! उपरण्यानं घाम पुसत बसले!

सकाळ झाली तरी शास्त्रींचा राग उतरेना. "कार्टीची चूक तिच्या तोंडावर फेकतो!" म्हणून पाटी ओढली, भागाकार मांडला. उत्तर आलं नऊ हजार नऊशे एक. बाकी? शून्य! पुसलं, पुन्हा मांडलं — शून्य!

तसेच पाठशाळेत गेले. "तुमच्यापैकी कुणी भागून पाहिलं होतं?"

थोरला शिष्य वामनभट चाचरत म्हणाला, "सगळ्यांनीच, गुरुजी. तिथंच, सभेत."

"मग बोलला का नाहीत?"

"आपला मान राखला..."

खाड्‌कन पाटी आपटली! "मान? मला दगडावर खोटं कोरू देत होतात! पोरीला हाकलू दिलंत! हा मान? शिष्य ती एकटी! तुम्ही नुसते भाट!"

नाव गाठली, पलीकडे गेले. अंबू अंगणात तांदूळ पाखडत होती. शास्त्रींनी विचारलं, "कसं सापडलं गं?"

"दहा हजाराला एकशे एकनं भागलं, की बाकी एक. दहा लाख त्याच्या शंभरपट, म्हणून बाकी शंभर. वर एक मिळवा — झाले एकशे एक! बाकी संपली!"

"शाब्बास! चल घरी."

सूप खाली ठेवून अंबू कडाडली, "बाकी शून्य आली म्हणून आलात, मामा! माझं चुकलं असतं तर? दार बंदच ना?"

शास्त्री एकटेच नावेकडे वळले. ज्या रागानं जन्मभर दुसऱ्यांना भाजलं, तो आज त्यांच्यावरच उलटला! परत येऊन त्यांनी भरसभेत सांगितलं, "माझं चुकलं. यापुढं ज्याचं चुकत असेल, त्यालाही इथं पुरं बोलू देईन." हे कानावर गेलं, तेव्हा अंबू आली.

आणि तुम्ही? घरात सासऱ्याचं चुकतं, गावात सरपंचाचं चुकतं, या कीर्तनाच्या गादीवर उभं राहून माझंही चुकतं! तुम्हाला कळतं की! उत्तर पोटात तयार, ओठ मात्र शिवलेले! त्याला मान म्हणू नका — भीती म्हणा, भीती! देवाच्या नावानं उघडता ते तोंड खऱ्यासाठीही उघडा! बोला — नारायण, नारायण!