मॅनिफोल्डखालचं तेल

नाही, हात लावू नका तिथे — आणि सकाळी काय म्हणालात ते पुन्हा म्हणा एकदा. या इंजिनाला कुणाचा हात लागलेला नाही, गाडी घेतल्यापासून उघडलेलंच नाही, असंच ना? मी विश्वास ठेवला. का ठेवला? माझीच अक्कल गहाण पडली होती म्हणून. आता इकडे या, उजेडात. हा तुमचा मॅनिफोल्ड — इंजिनाला हवा पुरवतो, दोन बाजूंच्या मधल्या खळग्यावर झाकणासारखा बसतो — आणि ही त्याची मागची कड. कंपनीचं सीलंट, फट बुजवायचा लेप, राखाडी असतो. हे काळं कुठून आलं? आभाळातून पडलं?

बोला की. शेजारी गेला होतात, भिंतीपलीकडे, दादाच्या गॅरेजात. चार महिन्यांपूर्वी. मग ते सांगायला जीभ का जड झाली? — हो, माहीत आहे, सगळ्यांना माहीत आहे, आम्ही सख्खे भाऊ आहोत आणि एकमेकांचं तोंड बघत नाही — म्हणून खोटं बोलायचं? डॉक्टरकडे गेल्यावर आधीचं ऑपरेशन लपवता का? तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसांची ही एक तऱ्हा असते, मेकॅनिकला काय कळतंय म्हणायचं आणि शेवटी त्याच्याच दारात यायचं.

आणि त्याने फसवलं, फसवलं करू नका, जपून बोला. तेल कुठून गळतं ते कळलंय का तुम्हाला? या मागच्या कडेतून. इथून निघतं, इंजिनाच्या पाठीवरून उतरतं आणि खाली गिअरबॉक्सच्या तोंडाशी थेंब धरतं. खाली झोपून बघणारा म्हणतो, मागचं सील गेलं. दहातले आठ जण गिअरबॉक्स उतरवून ठेवतात, दोन दिवस घालवतात, नवं सील टाकतात — तेल आपलं चालूच. दादाने उतरवला? नाही उतरवला. त्याला बरोबर कळलं, वरूनच येतंय. ही नजर आहे त्याची, ती कुणाच्या बापाला यायची नाही. मलाही त्यानेच शिकवलं — आधी सगळं पुसून कोरडं कर, आरसा घाल, इंजिन चालू कर आणि गप्प बघत राहा. तेल कधी खोटं बोलत नाही, म्हणायचा. गिऱ्हाईक बोलतं.

मग गळलं कशाने? तेच दाखवतोय, सारखं घड्याळ बघू नका. सीलंटची रेघ एका दमात ओढायची असते — हात उचलायचा नाही, थांबायचं नाही. दादाची रेघ बघायला दुसऱ्या गॅरेजची माणसं यायची. आणि ही बघा. इथे गोळा, इथे काहीच नाही, पुन्हा गोळा, इथे तर कडेच्या बाहेर गेलीय. तीन ठिकाणी तुटलीय. घाई? त्याने जन्मात घाई केली नाही. निष्काळजी? — तुम्ही त्याला निष्काळजी म्हणायचं नाही. मी म्हणेन, तुम्ही नाही.

हां, ती बोळ्याची गोष्ट ऐकली असेल तुम्ही. ऐकणारच, लोकांना दुसरा उद्योग काय. मॅनिफोल्ड काढला की ही सहा भोकं उघडी पडतात, कचरा जाऊ नये म्हणून त्यात कापडाचे बोळे कोंबतात. सहा आत, सहा बाहेर. नऊ वर्षांपूर्वी एका वकिलाच्या गाडीतून पाचच बाहेर आले. गाडी चालू केली, इंजिनाने बोळा गिळला, सगळं संपलं. दादा विसरला, असं सगळे सांगतात. तो स्वतःच म्हणाला वकिलाला, माझ्या समोर, हात जोडून — चूक माझी आहे, साहेब. मी शेजारीच उभा होतो, पाना हातात घेऊन.

काय? — पाना माझ्या हातात का होता, म्हणजे? जोडत होतो म्हणून. मी जोडली होती ती गाडी. झालं समाधान? वकील गेला आणि दादाने मला एक कानाखाली दिली. छत्तीस वर्षांचा होतो मी, माझी बायको डबा घेऊन दारात उभी होती. दोषाचं ओझं त्याने उचललं, ते मी विसरलो. कानाखाली काही विसरलो नाही. महिन्याच्या आत ही भिंत उभी केली मधे. विटासुद्धा मीच आणल्या.

आणि वहिनी आली होती — तुम्हाला कशाला सांगतोय हे? आली होती, उन्हाळ्यात, दुपारची. आत नाही आली, त्या फाटकाशीच उभी राहिली. म्हणाली, "भाऊजी, ह्यांच्या हाताला कंप सुटलाय. चहाचा कप धरवत नाही. तुमचं ऐकतील, एकदा येऊन बघा." मी गाडीखाली होतो. बाहेरसुद्धा आलो नाही. खालूनच म्हणालो, गाडी असेल तर आणा, माणसं मी दुरुस्त करत नाही. तिचे पाय तेवढे दिसत होते मला. बराच वेळ तिथेच होते.

मला वाटलं, बायका वाढवून सांगतात. आता ही रेघ बघतोय. असा हात घेऊन तो या इंजिनावर वाकला असेल, कुणाला कळू नये म्हणून एकटाच —

काय बघताय माझ्याकडे? काम होईल तुमचं. दोन्ही कडा खरवडून कोऱ्या करीन, नवीन गॅसकेट, नवी रेघ, मॅनिफोल्ड वरून सरळ खाली बसवीन, बोल्ट मधून बाहेर आवळत जाईन. रात्रभर सुकू देईन. उद्या दुपारी घेऊन जा. पण आता इथून उठून तिकडे जायचं, हे सीलंट त्याच्या पुढ्यात नाचवायचं, हे मनात असेल तर काढून टाका. तो तुकडा द्या इकडे. मघाशी खिशात घातलात तो. द्या म्हणतो ना.

एक शब्द जरी त्याला बोललात, तर हे इंजिन असंच उघडं राहील, मग न्या ढकलत. जा आता. आणि डावीकडून जा, त्याच्या दारावरून नको.